टाकीच्या तोंडाशी उभा माणूस

लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोक यजमान शोधतात, ओळखीचे चेहरे शोधतात, काही जण थेट जेवणाची रांग शोधतात. सुधाकर तांबे बाहेर पडायचं दुसरं दार शोधतात. ते सापडलं आणि त्याला कुलूप नाही अशी खात्री झाली की मगच ते स्टेजवर जाऊन नवरानवरीला शुभेच्छा देतात. कुलूप असलं तर शुभेच्छा लांबतात. पनवेलच्या एका हॉलमध्ये त्यांनी मॅनेजरला गाठून किल्ली आणवली, दार उघडून घेतलं आणि दारासमोर रचलेल्या खुर्च्या स्वतः उचलून बाजूला लावल्या. नवरीच्या काकांना ते केटररचे माणूस वाटले. त्यांनी पाणी आणायला सांगितलं. तांब्यांनी पाणीही आणून दिलं.

"दार उघडं झालं ना? मग काय टेन्शन नाय," ते मला म्हणाले.

कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. मूळ गाव खेडच्या बाजूचं. उभी नोकरी तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून झाली. आता निवृत्त आहेत; म्हणजे कारखान्यातून. मी वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून ते मला नावाने हाक न मारता "पेपरवाले" म्हणतात. सोसायटी त्यांना तांबेकाका म्हणते आणि त्यांच्या विंडसॉकला तांबेकाकांचा पायजमा.

हा पायजमा आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी एका लोखंडी पाइपवर फडफडतो. केशरी आणि पांढऱ्या पट्ट्यांची कापडी नळी, वाऱ्याची दिशा दाखवणारी. कारखान्यात गॅस सुटला तर कुठल्या बाजूला पळायचं हे कळावं म्हणून ती लावतात. गच्चीवर ती लावण्यावरून सोसायटीची एक पूर्ण मीटिंग खर्ची पडली होती. "एकाच पायाचा पायजमा कशाला वाळत घातलाय?" असं कुणीतरी विचारलं आणि तेच नाव राहिलं. पुढे लोकांना त्याची सवय झाली. पायजम्याचं टोक उरणकडे वळलं की वारा तळोज्याकडून येतोय, खिडक्या लावून घ्यायच्या, हे आता बिल्डिंगमधल्या लहान पोरांनाही कळतं. पापड वाळत घालणाऱ्या बायकाही आधी वर बघतात.

त्यांच्या घरात हॉलमध्ये बुद्धमूर्ती आहे. तिच्यासमोर मेणबत्ती आहे, ती बॅटरीवर चालते. ज्योत हलल्यासारखी दिसते, तापत मात्र नाही. त्यांच्या पत्नी शालिनीताई पौर्णिमेला वंदना झाली की आलेल्या पाहुण्यांना सांगायच्या, "बघा, बुद्धालापण सेल घातलेत यांनी." तांबे शांतपणे म्हणायचे, "पडदा किती जवळ आहे बघा की." शालिनीताई जाऊन आता काही वर्षं झाली. मेणबत्तीचे सेल तांबे स्वतः बदलतात.

तांब्यांच्या स्वभावाचं मूळ कारखान्यातल्या एका कामात आहे. ते समजलं नाही तर पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

केमिकलच्या मोठ्या टाक्या अधूनमधून आतून साफ कराव्या लागतात. टाकीला माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड असतं. आत वास नसलेला, रंग नसलेला गॅस साठलेला असू शकतो. म्हणून आधी यंत्र आत सोडून हवा तपासतात आणि यंत्राने हरकत घेतली नाही तर कामगाराला उतरवतात. त्याच्या कमरेला दोरी असते. दोरीचं दुसरं टोक धरून एक माणूस टाकीच्या तोंडाशी उभा राहतो. त्याचं काम एकच, थोड्याथोड्या वेळाने आतल्याला नावाने हाक मारायची. हाकेला ओ आली पाहिजे. नाही आली तर दोरी ओढायची आणि आरडाओरडा करायचा. आणि त्याला बंदीही एकच असते. काहीही झालं तरी आत उतरायचं नाही.

"आत एक पडला की दुसरा वाचवायला उतरतो," तांबे सांगतात. "मग दोन जातात. तिसरा असला तर तोपण."

तांब्यांचा यंत्रावर विश्वास होता, पण पुरता नव्हता. यंत्राने हिरवा दिवा दाखवला की ते स्वतः टाकीत उतरत, आत थोडा वेळ नुसते उभे राहत, मग तोंडातून डोकं वर काढून कामगाराला सांगत, "हवा ठीक आहे. या." नियमात असं कुठेच नव्हतं. वरचे साहेब त्यावरून त्यांना बोल लावत. तांबे ऐकून घेत आणि पुढच्या वेळी पुन्हा उतरत. "ज्या भोकात मी जाणार नाय, त्यात दुसऱ्याला कसा पाठवू?"

नोकरी संपली, पण "आधी मी" काही संपलं नाही. एकुलती मुलगी प्रज्ञा लहानपणी पोहायला शिकणार, तर पोहता न येणारे तांबे आधी पाण्यात उतरले आणि दोघा जणांनी त्यांना बाहेर काढलं. ती शाळेच्या बसने जाणार म्हणून आदल्या दिवशी ते त्याच बसने, बालवाडीच्या पोरांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, शाळेपर्यंत जाऊन आले. पुढे तिला पनवेलचं एक स्थळ सांगून आलं. तांबे एक रात्र त्या घरी मुक्कामाला गेले. परत येऊन शालिनीताईंना त्यांनी अहवाल दिला, "माणसं बरी आहेत. गॅसची नळी चिरलेली होती, मी नवी बसवून आलोय." प्रज्ञाला मात्र शिकायचं होतं. तिने नकार कळवला. त्या घरची नळी अजून शाबूत असावी.

प्रज्ञा भूगर्भशास्त्र शिकली. आधी ती सह्याद्रीच्या काळ्या खडकावर काम करत होती. हा खडक म्हणजे फार पूर्वीचा, थिजलेला लाव्हा. तांब्यांची त्याला हरकत नव्हती. "थंड झालाय ना? मग काय टेन्शन नाय." ते तिच्याबरोबर दोन-तीन घाट चढून आले आणि दगडाला हात लावून खात्री करून घेतली.

मग इथिओपियातल्या डानाकिलच्या वाळवंटात काम करणाऱ्या एका संशोधक गटाने तिला बोलावलं. समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला, मीठ आणि गंधकाने भरलेला तो प्रदेश. आसपास जिवंत ज्वालामुखी. तिथे तिला कित्येक महिने राहायचं होतं.

आमच्या दोन्ही घरांची दारं दिवसा उघडी असतात, त्यामुळे पुढचं संभाषण मी मुद्दाम ऐकलेलं नाही.

"पप्पा, हो तरी म्हणा, नाहीतर नाही तरी म्हणा."

"वारा कुठून असतो तिथं?"

"ते मला इथं बसून काय माहीत?"

"मग?"

"मग काय मग? तुम्ही नाही म्हणालात तरी मी जाऊ शकते, पप्पा. मोठी झालेय मी. पण मला तुमचं हो ऐकून जायचंय. तुम्हाला इकडे एकटं टाकून गेले असं नकोय मला."

मेणबत्तीचा खटका उगाच बंद-चालू केल्याचा आवाज आला.

"आई असती तर एव्हाना तिने तुमच्याकडून हो काढलं असतं," प्रज्ञा म्हणाली.

"आई असती तर," तांबे म्हणाले, आणि वाक्य तिथेच राहिलं.

प्रज्ञाला त्या गटाला उत्तर कळवायचं होतं. तिने ते लांबवत ठेवलं. पुढच्या आठवड्यात तांब्यांनी माझी बेल वाजवली.

"पेपरवाले, पासपोर्ट आहे का?"

"आहे. का?"

"टूरवाले नेतात तिकडं. डानाकिलला. मी बघून येतो. पण तोंडाशी माणूस लागतो. तुमी चला."

"मी काय करायचं तिथे?"

"काय नाय. दोरी धरायची."

माझी रजा शिल्लक होती आणि उत्सुकताही होती. प्रज्ञाला त्यांनी गावाला जातो असं सांगितलं. तिने बरोबर द्यायला मेतकूट करून दिलं. ते मेतकूट इथिओपियाला गेलं.

विमानात सुरक्षेचं प्रात्यक्षिक झाल्यावर एका माणसाने टाळ्या वाजवल्या. तो कोण हे सांगायला नको. अदिस अबाबाहून छोट्या विमानाने सेमेरा आणि तिथून जीपने वाळवंट. आमच्या गटात पुण्याच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. तांब्यांच्या सामानात गॅस तपासायचं खिशातलं यंत्र, दोन मास्क, नायलॉनची दोरी आणि एक सुटा पायजमा आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "अहो तांबे, एवढी भीती वाटते तर घरीच का नाही बसलात?"

"मी बसलो असतो. पोरगी बसत नाय ना."

डालोल हे ठिकाण डोळ्यांना खोटं वाटतं. पांढऱ्या मिठाच्या सपाटीतून एक बुटकं टेकाड वर येतं आणि त्यावर पिवळी, हिरवी, गंजासारखी तांबूस डबकी पसरलेली असतात. डबक्यात पाण्याऐवजी ॲसिड असतं. काठावर मिठाच्या पापुद्र्यांची कुंडं आणि फुलं तयार झालेली. पायाखालचं कवच कुठे जाड, कुठे पातळ, वाटाड्या काठी आपटून आवाज ऐकतो आणि मग पुढे जातो. सकाळीच अंगाची लाही होत होती. कुजक्या अंड्यासारखा वास होता. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. तांबे मात्र ओळखीच्या घरात आल्यासारखे उभे होते.

"तळोज्याला पूर्वी शनिवारी असा यायचा," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या खिशातलं यंत्र पीं पीं करायला लागलं. आणि थांबेना.

"बंद करा हो ते!" प्राध्यापिका म्हणाल्या. "फोटोत लक्ष लागत नाही."

"बाई, ते फोटो काढू नका असंच सांगतंय."

आमचा वाटाड्या हसन हा तिथलाच, अफार जमातीचा. शिडशिडीत, डोक्याला फडकं, पायात प्लास्टिकच्या चपला. तांब्यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच: "हसनभाई, विंड? विंड किधर से?" हसनने खाली वाकून चिमूटभर मीठ उचललं आणि हवेत सोडलं. मिठाचा धूर तिरका गेला. हसनने त्याच्या उलट बाजूला बोट केलं आणि आम्हाला त्या बाजूने वळवून नेलं.

तांबे बघतच राहिले. "हा आपल्या लाइनीतला माणूस," ते मला म्हणाले. त्या दिवसापासून ते हसनच्या मागोमाग, त्याच्या पावलांवर पाऊल टाकून चालले. संध्याकाळी मुक्कामाला त्यांनी सुटा पायजमा त्याला भेट दिला. हसनने तो उलटसुलट केला, आत हात घालून पाहिला आणि गंभीरपणे इंग्रजीत विचारलं, दुसरा पाय कुठे आहे? कामोठ्यातून इतक्या लांब येऊन तांब्यांना तोच प्रश्न ऐकावा लागला. मी त्यांना इतकं मोकळं हसताना शालिनीताई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं.

पण निकाल त्यांच्या मनात ठरत चालला होता, आणि तो चांगला नव्हता. उघड्यावर, विणलेल्या खाटांवर आम्ही पडलो होतो. चारी बाजूंना क्षितिजापर्यंत मीठ. तांबे उठून बसले.

"पेपरवाले, इथं दुसरं दार नाय."

"इथे पहिलं तरी कुठे आहे?"

"तेच म्हणतो मी. सगळं उघडं, आणि दार नाय. पोरीला काय सांगू?"

एर्ता आले हा ज्वालामुखी आम्ही पहाटे गाठला. रस्ता संपतो तिथून विवराच्या काठापर्यंत काळ्या लाव्ह्यावरून चालायचं. लाव्हा काचेसारखा कुरकुरतो आणि मधेच पाय घोट्यापर्यंत आत जातो. विवरातून पांढरा धूर येत होता. धुराच्या पोटाला खालून लाल रंग चढत होता आणि उतरत होता. हसनने एका जागी सगळ्यांना थांबवलं. वारा पाठीमागून होता, धूर पलीकडे जात होता.

तांब्यांनी कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक माझ्या हातात दिलं. प्राध्यापिकांनी आमचा फोटो काढला. फोटोत मी गुराख्यासारखा दिसतो.

"प्रज्ञा उद्या इथंच उभी राहणार, यंत्रं लावणार," तांबे म्हणाले. "मी जरा पुढं उभा राहतो. तुमी हाक मारत राहा."

हसन त्यांच्याबरोबर काही पावलं गेला, काठापासून सुरक्षित अंतरावर त्यांना उभं केलं आणि वाऱ्याकडे बघत बाजूला थांबला. मास्क लावलेले तांबे विवराकडे तोंड करून उभे राहिले, टाकीत उभे राहत असतील तसे. हात बाजूला, काही न करता.

"तांबे!"

"ओ!"

"तांबे!"

"ओ!"

मग वारा फिरला. काही सूचना न देता धूर आमच्या बाजूला कोसळला आणि तांबे दिसेनासे झाले. हसन ओरडत मागे आला आणि त्याने बाकीच्यांना मागे रेटलं. धुराने माझा घसा आवळला. मी हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. नाही आली. दोरी कशाला तरी अडकली होती, ओढली तर सरकेना. मी धुराच्या दिशेने पाऊल टाकलं, आणि दुसरं.

"मागं!" धुरातून आवाज आला. मास्क काढून ओरडल्यासारखा. "मागं व्हा, पेपरवाले! आत यायचं नाय! हाक मारा फक्त!"

मी मागे झालो आणि हाका मारत राहिलो. किती ते सांगता येणार नाही. दोरी हळूहळू सैल पडत गेली आणि तिच्या टोकाला तांबे बाहेर आले. डोळ्यांतून पाणी, मास्क गळ्यात, एक चप्पल कुठेतरी लाव्ह्यात राहिलेली. ही त्यांची चूक होती. इतरांना बुटांशिवाय आत न सोडणारा हा माणूस हसनचं बघून चपला घालून आला होता.

धूर पलीकडे गेल्यावर आम्ही दोघे जरा खाली एका खडकावर बसलो. तांबे पाणी प्यायले, त्यांनी चूळ भरली, पुन्हा प्यायले.

"आत काय दिसत नव्हतं," ते म्हणाले. "वर कुठलं, खाली कुठलं, काय कळत नव्हतं. यंत्र बोंबलत होतं, त्याचा काय उपयोग नाय. तुमची हाक कुठून येते एवढंच कळत होतं. त्याच्यावर आलो."

मी दोरी गुंडाळत होतो.

"मी सगळं आयुष्य आत गेलो, पेपरवाले. तोंडाशी कधी उभाच नाय राहिलो. एकदाच राहिलो. शालिनी आयसीयूत होती तेव्हा. मी म्हटलं मला आत जाऊ द्या, ते म्हणाले नाय चालणार. दाराला एवढीशी काच होती. मी काचेतनं हाक मारत होतो. शालिनी, शालिनी. सिस्टर बाहेर आली, म्हणाली, काका, इथं आवाज करू नका." ते बोटाने मास्कची पट्टी सरळ करत राहिले. "गप बसलो मी. शहाण्यासारखा."

खाली हसन सगळ्यांना मोजत होता.

"गप बसायला नको होतं," तांबे म्हणाले.

सेमेराला पोहोचल्यावर फोनला रेंज आली. हॉटेलच्या अंगणात उभं राहून त्यांनी प्रज्ञाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मी बाजूला जायला लागलो तर खुणेने थांबवलं.

"प्रज्ञा?"

"पप्पा! कुठे आहात? गावाला फोन केला तर काका म्हणाले इकडे आलेच नाहीत."

"तुझ्या टाकीत उतरून आलो."



"म्हणजे? पप्पा, तुम्ही डानाकिलला गेलात?"

"मेतकूट चांगलं झालं होतं. हे बघ, सकाळी वारा पाठीमागून असतो, पण त्याचा भरवसा नाय. हसन म्हणून माणूस आहे, त्याला धरून राहायचं. तो सांगेल तिथंच पाय ठेवायचा. बूट घालायचे. घोट्याच्या वरचे."

"पप्पा." तिचा आवाज बारीक झाला. "मग? हो की नाही?"

मला वाटलं होतं ते नेहमीचं वाक्य म्हणतील. कित्येक कामगारांना त्यांनी ते म्हटलं होतं आणि तेवढ्यावर ती माणसं अंधाऱ्या भोकात उतरली होती. तांब्यांनी फोन जरा तोंडाजवळ घेतला.

"हवा ठीक नाय तिथली," ते म्हणाले. "तू जा. मी तोंडाशी उभा आहे."

प्रज्ञा गेली. आता ती तिथेच आहे. तिच्या तळावर संध्याकाळी उपग्रहाचा फोन चालू करतात. त्या वेळेला तांबे गच्चीवर जातात, कारण घरात आवाज तुटतो असं त्यांचं म्हणणं आहे. पायजम्याखाली उभं राहून ते फोन लावतात. बोलणं फारसं नसतं. "प्रज्ञा?" तिकडून "ओ!" कधी "ओ, पप्पा!" मग तांबे फोन ठेवतात. एकदा मी विचारलं, जेवलीस का, कशी आहेस, असं काही विचारत नाही का? म्हणाले, "ओ आली ना. त्यात सगळं आलं."

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी फोन लागला, पण पलीकडून नुसती खरखर येत होती. तांबे गच्चीवरून हाक मारायला लागले. आधी फोनमध्ये, नेहमीच्या आवाजात. मग मोठ्याने. "प्रज्ञा! ए प्रज्ञा!" आवाज जिन्यातून खाली आला, खिडक्यांतून घराघरांत शिरला. मी वर गेलो तेव्हा ते कठड्याशी उभे होते, फोन पुढे धरून, गळ्याच्या शिरा ताणून. पायजमा उरणकडे झाला होता, पण कुणी खिडकी लावली नव्हती. खाली वॉचमन खुर्ची सोडून वर बघत होता. दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या माणसाने डोकं बाहेर काढून विचारलं, "कोण ओरडतंय एवढं?" शेजारच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ओरडू द्या त्यांना."

तांबे हाक मारत राहिले. खरखर कमी झाली, पुन्हा वाढली, आणि तिच्यातून, फार लांबून, ओ आली.